गढूळ पाण्यातली गुरं

"किडे नका म्हणू, भाऊ. गुरं आहेत ही." तलावाचं गढूळ पाणी ग्लासात घेऊन, उन्हाकडे धरून त्या म्हणायच्या. राईहून बारीक ठिपके त्यात उड्या मारत असायचे.

त्या मूळच्या यवतमाळच्या. रायपूरच्या चौबे कॉलनीत राहायच्या, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. मी गुढियारीतल्या तलावाचा ठेकेदार. जीरा, म्हणजे माशांची बारीक पिल्लं, वाढवून विकतो. धंदा स्वतःच्या हिमतीवर उभा केला, म्हणून फुकट सल्ल्याचा मला संशय येतो. तुम्हालाही येत असेल.

"मॅडम, तुमचं काय लागते याच्यात?"

"मले पाहू द्या, बस."

ही गुरं माती खातात का, मी विचारलं. "मातीच्या कणाले चिकटलेले जंतू खातात, अन् शेवाळ. पण लय गढूळ झालं की पोट मातीनंच भरते, मंग पिल्लं होत नाहीत. यांची पिल्लं नाही, तर तुमचा जीरा काय खाईन? म्हशी काहून उतरवल्या पाण्यात?"

"म्हशीही गुरंच हायेत ना, मॅडम?"

हसल्या, पण म्हशी बाहेर काढायला लावूनच गेल्या. जीरा सुधारला.

मग रायपूर राजधानी झालं आणि सरकारी साहेबांना तलाव सुंदर करायची घाई सुटली. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बैठकीत एका साहेबाने मॅडमना उभं केलं. "पानी में कीड़े हैं कि नहीं? हाँ या ना?"

"हैं, लेकिन..."

लेकिनच्या पुढचं कुणी ऐकलंच नाही. दुसऱ्याच दिवशी पाण्यात किडे मारायची दवा ओतली. सगळा जीरा उलटा तरंगला.

मी त्यांच्या दारात जाऊन ओरडलो, "किडे नाहीत, गुरं आहेत म्हणता ना? मग नाही म्हणायचं होतं!"

त्यांनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाल्या, "तेव्हा हिंदीत दुसरा शब्दच सुचला नाही, भाऊ."

यावर काय भांडणार? संताप मात्र अजून तसाच आहे. शेवाळ चरणारं कुणी उरलं नाही, तेव्हा सुंदर तलाव हिरवागार झाला आणि असा कुजला की नाक धरून जावं लागे. तेव्हा साहेबांचा माणूस माझ्याकडे आला. "भैया, वो मैडम कहाँ मिलेंगी?"

"गुजर गईं. दिवाली के बाद."

"अरे! तो अब किससे पूछें?"

"पानी में जिनको मारा है, उनसे पूछो."

त्याला वाटलं मी गंमत करतोय. तो हसला.