फोन सुटेपर्यंत

माझी आत्या बेलपाड्याला राहते. एकटीच. खारघरच्या इमारती तिच्या चारी बाजूंनी उभ्या राहिल्या, पण ती आपल्या दोन खोल्या सोडून कुठे गेली नाही. आत्या धवलारीण आहे. आमच्या आगऱ्यांत लग्नाला आणि हळदीला धवले गाणारी बाई लागते, तिच्या गाण्यावाचून नवरीला हळद लागत नाही. बेलपाड्यापासून ओवे गावापर्यंतच्या किती पोरी तिने गाऊन सासरी धाडल्या, ते तिलाही सांगता यायचं नाही.

तिची एकुलती एक मुलगी अमेरिकेत, नात तिथेच वाढलेली. गेल्या वर्षी नातीचं लग्नही तिथेच ठरलं. आत्याच्या गुडघ्यांना तो प्रवास झेपणारा नव्हता. मग नातीने युक्ती काढली. स्वतःचा जुना, पण चांगला फोन तिने येणाऱ्या एका पाहुण्याबरोबर आजीसाठी पाठवला. हळदीला आजीने इथून व्हिडिओवर धवले गायचे, तिथे ती मोठ्या पडद्यावर दिसणार. आत्याकडे तोवर बटणांचा साधा फोन होता.

मी नवं सिम आणलं, फोनमध्ये घातलं, तर पडद्यावर सूचना आली की हे सिम या फोनला चालणार नाही. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दे इकडे. दोन दिवसांत करून आणतो."

तीस वर्षं मी सरकारी कचेरीत कारकुनी केली. लोकांना "उद्या या" सांगण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. दुसऱ्याचं काम कसं अडतं हे ज्याला ठाऊक, त्याचं स्वतःचं काम अडणार कसं, अशी माझी समजूत.

पनवेलला बाजारात माझ्या ओळखीचं मोबाइलचं दुकान आहे. दुकानदार माझ्याच वयाचा, बरीच वर्षं आखातात राहून परतलेला. त्याने फोन उलटसुलट पाहिला, काही आकडे दाबले आणि म्हणाला, "साहेब, हा लॉक आहे. तिकडच्या कंपनीचंच सिम घेणार, दुसऱ्या कुणाचं नाही. कुलूप त्यांनी लावलंय, उघडणार तेच."

"मग तुम्ही कशाला बसलाय?"

"मी सबर करायला सांगायला बसलोय," तो हसून म्हणाला. मला नाही हसू आलं.

ज्याच्या नावावर फोन घेतला त्यानेच अर्ज करायचा, असा नियम निघाला. नातीने केला. नामंजूर. का, तर फोन बरेच दिवस बंद होता. तिने पुन्हा केला. या वेळी म्हणाले, माहिती अपुरी. माहिती अपुरी! हा शेरा मी आयुष्यात किती जणांच्या अर्जांवर मारला असेन, पण स्वतःच्या कपाळी आल्यावर माझं डोकं फिरलं. मी नातीला रोज निरोप पाठवू लागलो, हे विचार, ते विचार. बिचारी लग्नाची तयारी सोडून कंपनीच्या लोकांशी तास तास बोलत बसायची. मी एस. टी. स्टँडजवळच्या आणखी दोन दुकानांत जाऊन भांडून आलो.

शेवटी पहिल्याच दुकानदाराने मला बसवलं आणि समजावलं. "साहेब, व्हिडिओवरच बोलायचंय ना? तुमच्या मोबाइलचं नेट या फोनला द्या. सिम लागतच नाही. आजीबाईंचं काम आजच होतंय."

"असलं उसनं-पासनं नको मला," मी म्हणालो. "फोन तिचा आहे, तर तिच्या सिमवर चालला पाहिजे."

आज हे लिहिताना मला माझी लाज वाटते. आत्यानेही तेच सुचवलं होतं. "तुज्या फोनवर लाव ना रं. मना काय, कंचाबी चालंल. पोर दिसली म्हंजे झाली." तिलाही मी म्हटलं, "थांब. फोन सुटला की तुझ्याच फोनवर लावतो." मला त्या कंपनीला हरवायचं होतं. हळद कुठल्या कुठे राहिली होती.

आत्या मात्र तयारीत होती. धवल्यात नवरा-नवरीची नावं गुंफावी लागतात. नातजावई तिकडचाच, गोरा. त्याचं नाव तिच्या जिभेवर बसेना आणि चालीत तर त्याहून बसेना. मला दहा-दहा वेळा म्हणायला लावायची. पंधरा दिवसांनी एकदा म्हणाली, "बसला." मी म्हटलं, म्हणून दाखव. तर मान हलवून म्हणाली, "हलदीच्या आदी नाय. तवाच आयक."

हळद तिथल्या सकाळी, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सहाला. त्याच दिवशी दुपारी नातीचा निरोप आला, कंपनीने मंजुरी दिली! मी आत्याचा तो फोन घेऊन दुकानाकडे निघालो. बायको दारात म्हणाली, "अहो, सरळ बेलपाड्याला जा, आपला फोन आहे की खिशात. तो नंतर करा." मी तिच्यावर खेकसलो.

दुकानदाराने काम सुरू केलं. मंजुरी आली तरी फोनमधलं सगळं पुसून तो नव्याने भरावा लागणार होता. पडद्यावर एक पट्टी सरकू लागली. साडेपाच झाले. पट्टी अर्ध्यावर. सहाला माझा फोन वाजला, नात होती. मी कापला आणि "दोन मिनिटं" असं लिहून पाठवलं. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मग आत्याच्या बटणांच्या फोनवरून आला. तेवढा घेतला आणि ओरडूनच म्हणालो, "होतंय, होतंय, थांब जरा!" दुकानदार माझ्या हातातल्या फोनकडे पाहत होता.

सव्वासातला सिमला नेटवर्क आलं. मी टाळी वाजवली, दुकानदाराशी हात मिळवला आणि रिक्षा केली.

आत्याच्या घरी शेजारच्या तीन-चार बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. आत्या नऊवारी नेसून, तांदळाचं ताट पुढ्यात घेऊन. मी फोन लावला. पलीकडे पोरगी न्हाऊन आलेली, केस ओले. हळद उतरली होती. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, रडल्या. मी म्हटलं, "आत्या, म्हण की आता. मी रेकॉर्ड करतो."

ती म्हणाली, "उतरल्यावर नाय म्हनत रं." मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "फोन झाला ना? बास."

फोन अजून उत्तम चालतो. दर रविवारी दोघी त्यावर बोलतात. आत्याने मला आजवर एका शब्दाने दोष दिलेला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

नंतर महिन्याभराने त्या बायांपैकी एक मला बाजारात भेटली. बोलता बोलता तो दिवस निघाला. म्हणाली, "आमी बोललो तिला, सुरू करू या, पोरीला आयकाला नाय गेलं तरी देवाला जाईल. सहाचं सात झालं. पन तुमची आत्या काय आयकंना. बोलली, भाचा थांब बोललाय, तो आल्याबिगर कोनी त्वांड उगडू नका."

अर्ध्या तालुक्याच्या लेकींसाठी आत्या गायली. स्वतःच्या नातीच्या हळदीला तेवढी गप्प बसली, माझा शब्द पाळत.