सव्वादोन व्होल्टांचा उंचवटा

सकाळपासून आभाळ गच्च भरलेलं. दमट हवेनं तळघरातल्या प्रयोगशाळेच्या भिंतींना घाम फुटला होता. पंपवाल्या काकांनी नेहमीसारखा द्रव नायट्रोजन पंपावरच्या वाफ गोठवणाऱ्या सापळ्यात ओतला. सव्वीस वर्षं हेच काम: पोलादी भांड्यातली हवा उपसायची आणि ती परत आत शिरू द्यायची नाही.

तीन आठवड्यांपूर्वी भांडं उघडलं होतं. दर वेळी जोड हवाबंद बसावा म्हणून तांब्याचं नवं वायसर घालायचं, हा नियम काकांनीच दारावर लिहून चिकटवलेला. पण त्या दिवशी डबा रिकामा. मग जुनंच उलटं करून बसवलं, बोल्ट जरा जास्त आवळले आणि गप्प राहिले.

त्या भांड्यात संशोधक ताई गॅसवर इलेक्ट्रॉन सोडायच्या. जाता जाता एखादा इलेक्ट्रॉन रेणूला क्षणभर चिकटतो आणि सुटतो. उंबऱ्यावर टेकून पाणीही न पिता उठणाऱ्या पाहुण्यासारखा. कोणत्या ऊर्जेला पकडायचं हे रेणूरेणूचं ठरलेलं; तिथं आलेखावर उंचवटा येतो. ताईंना आपल्या गॅसचा उंचवटा सापडला होता. बारा वाजता मोठे सर तो बघायला येणार होते.

काकांनी तो काल पाहिला. सव्वादोन व्होल्टांवर, वर करवतीसारखे बारीक दात. हे दात त्यांनी आजवर कितीतरी पोरांच्या आलेखांवर पाहिले होते. हा ताईंचा गॅस नव्हे, आत शिरलेल्या हवेतला नायट्रोजन.

आधीच्या फिटरला अशाच एका गळतीपायी गोदामात बसवलं होतं. काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. सकाळी बायकोनं विचारलंही, "तोंड का असं? कुणी गेलं का?"

"अजून नाही," काका म्हणाले.

आता साडेदहा झाले होते. ताई आलेख छापत होत्या.

"ताई, गॅसचा नळ बंद करून एकदा बघा."

"आत्ता? काका, सर येतील."

"म्हणूनच."

ताईंनी नळ बंद केला. दोघं पडद्याकडे बघत राहिले. उंचवटा जरा बुटका झाला, पण गॅस थांबला तरी जागचा हलला नाही.

"हवा आहे ही," ते म्हणाले. "जुनं वायसर लावलं मी. उलटं करून."

ताईंनी नळ पुन्हा उघडून बंद केला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तीन आठवडे, काका. नवं वायसर कधी येणार?"

काकांनी खिशातून कागदात गुंडाळलेलं वायसर काढलं. "परवाच आलंय."

"आणि तुम्ही खिशात घेऊन फिरताय."

"धीर होत नव्हता."

ताईंनी छापलेला कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला. "सरांना कोण सांगणार?"

"मीच." आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

ताईंनी इलेक्ट्रॉन सोडणारं तापलेलं फिलामेंट बंद केलं. ते थंड झाल्यावर काकांनी पंप थांबवला, भांड्यात हवा सोडली, पाना घेतला आणि समोरासमोरचे बोल्ट एकेक करून सैल करू लागले.