देवाने तोंड फिरवलं, ते कुणाकडे

तीन वर्षं मी औंढ्याच्या नागनाथावर रुसून होते. दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा मी चाळिशीही गाठली नव्हती. लहानपणापासून एक श्रावणी सोमवार मोडला नाही, आणि पदरात काय पडलं, तर आठवड्यातून दोनदा हिंगोलीला जाऊन डायलिसिसच्या सुया टोचून घेणं आणि पाणी मोजून पिणं. देव परीक्षा बघतो, असं शेजारणी म्हणायच्या. मला चीड यायची. कसली परीक्षा, देवाने तोंड फिरवलंय, असं मी तोंडावर सांगायचे.

किडनीचं दुखणं सगळ्या गावाला ठाऊक आहे. दुसरं दुखणं मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

शेवंता माझी सेनगावच्या शाळेतली मैत्रीण. ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, मी गावातली. पाचवीपासून एका बाकावर बसलो, एका डब्यात जेवलो. लग्नं झाली तरी आमचं सुटलं नाही. नवऱ्याला मी आवडते की नाही हे मला इतक्या वर्षांत नीट कळलेलं नाही. माणूस भला आहे, दवाखान्यात नेतो-आणतो. शेवंताचा माझ्यावर जीव आहे, हे मात्र मला दहाव्या वर्षापासून माहीत होतं.

तिच्या तांड्यावर बायका खूप दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून सुरात रडतात. आधी रडणं, मग खुशाली. लहानपणी मी ते बघून हसायचे. शेवंता डोळे वटारायची, "हसू नको. ज्याच्यावर जीव हाय त्याच्याच गळ्यात पडून रडतेत." तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी ठाऊक नसल्यासारखी वागले.

माझं आजारपण तिला ऊसतोडीवरून परतल्यावर कळलं. ती तशीच धावत आली, दारातच माझ्या गळ्यात पडली आणि तिने सूर लावला. ओसरीवर शेजारणी बसलेल्या. सासूबाई कडाडल्या, "जित्या मानसावर रडून राहिली का गं? काहून अपशकुन करतीस? निघ इथनं!" शेवंताने माझ्याकडे पाहिलं. त्यांच्यात असंच भेटतात, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण दुखण्यामुळे घरात मी आधीच जड झालेली, त्यात सासूशी वाकडं कोण घेणार? मी म्हणाले, "शेवंते, जा तू आता."

ती गेली. पुन्हा आली नाही आणि मीही बोलावलं नाही. आजारी माणसाला एक सोय असते, त्याला कुणी जाब विचारत नाही.

गेल्या चैत्रात सासूबाईंचा नवस फेडायला मी औंढ्याला गेले. नवरा हळद शिजवण्यात गुंतलेला, म्हणून एकटीच एसटीने. मनात भक्ती नव्हती, देवाला चार शब्द सुनावायचे होते. तिथे पिंड खाली आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावं लागतं. उतरले, नवसाचा नारळ ठेवला आणि काही न सुनावताच परत फिरले. वर येताना धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात मागून कुणीतरी कमरेला घट्ट धरलं आणि जवळजवळ उचलूनच वर आणलं. शेवंताच्या तांड्यावरच्या बायकांसारखी दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या भरलेली एक म्हातारी होती. तिने मला देवळामागे नंदीजवळ सावलीत बसवलं.

"संगं कोन हाय बाई?"

"कोणी नाही."

"मैतरीण बी न्हाई?"

मी मान खाली घातली. म्हातारी नंदीकडे बघून हसली. "ह्याच्यावानी झालं की तुजं. देव तिकडं फिरला आन् हा इकडंच राहिला."

ही कथा आमच्याकडे लेकरालाही ठाऊक आहे. एका भक्ताला पुजाऱ्यांनी दारातून हाकललं. तो मागे जाऊन भजन करू लागला, तर अख्खं देऊळ त्याच्याकडे फिरलं. नंदी तेवढा जागीच राहिला. शंभरदा ऐकलेली कथा त्या दिवशी मला पहिल्यांदा कळली. औंढ्याचा देव तोंड फिरवतो ते हाकललेल्याकडे. आणि आम्हा दोघींत हाकललेली मी नव्हते.

मान वर केली तोवर म्हातारी गर्दीत मिसळली होती. तिला कुणी धाडलं होतं की ती आपली सहज आली होती, मला सांगता येणार नाही.

घरी न जाता बस आणि जीप करत मी तांड्यावर गेले. शेवंता अंगणात हरभरा पाखडत होती. मला बघून तिने सूप खाली ठेवलं. मी हात पसरून पुढे झाले. ती जागची हलली नाही.

"या, बसा," ती म्हणाली. "तुमची तब्येत कशी हाय?"

तीस वर्षांत ती मला पहिल्यांदाच 'तुमी' म्हणाली. त्यापेक्षा तिने मला हाकललं असतं तर बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "शेवंते, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"व्हय," ती म्हणाली. "पायजे व्हतं."

मग आत जाऊन पाणी घेऊन आली. आलेल्याला भरलेला तांब्या द्यायची आमच्याकडची रीत. तिने छोटी वाटी आणली होती, तिच्यात दोन घोट पाणी.

"एवढंच चालतंय ना तुमाला? तुमच्या गावच्या आशाताईला दर महिन्याला इचारते मी."

मी ते दोन घोट प्यायले आणि रडले, एकटीच.

आता दर महिन्याला जाते. ती दोन घोट पाणी देते आणि 'तुमी' म्हणते. नागनाथावरचा माझा रुसवा गेला. किडनी मागत नाही, आयुष्यही मागत नाही, त्याला द्यायचं ते देईल. एवढंच म्हणते, देवा, शेवंताला माझ्यासाठी रडायचं असेल तर मी जिवंत असताना रडू दे. मेल्यावरचं मला ऐकू येणार नाही.