मजबूत गाडीतली मागची सीट

ठाण्यात, आमच्या नौपाड्यात कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात टाकता टाकता पहिला प्रश्न येतो, "किती देते?" म्हणजे एका लिटरमध्ये किती किलोमीटर. माझ्या नवऱ्याने हा प्रश्न लोकांच्या मुंजीत विचारलाय, बारशात विचारलाय, आणि एकदा तर स्मशानातून परतताना शववाहिनीच्या ड्रायव्हरलाही विचारलाय. मी शेजारीच उभी होते, म्हणून सांगते.

माझा प्रश्न वेगळा होता. ठोकली तर आतल्या माणसाचं काय होतं? मी तो काढला की नवरा कपाळाला हात लावायचा. "अगं, गाडी चालवायला घ्यायची की ठोकायला?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो लेकीच्या नोकरीमुळे. खडवलीच्या पुढे एका कॉलेजात तिला शिकवायची नोकरी लागली. स्टेशनपासून कॉलेज लांब. सकाळी रिक्षा मिळायची, संध्याकाळी रिक्षावाले गायब. काही दिवस कुणाकुणाच्या स्कूटरवर मागे बसून ती स्टेशन गाठत होती, मग एकदा जेवताना म्हणाली, "आई, मी गाडीने जाणार. डिसाइड झालंय." ठाण्याहून खडवली म्हणजे आधी माजिवडा, मग भिवंडी बायपास आणि पुढे पडघ्यापर्यंत नाशिक हायवे. त्या रस्त्याला गोदामं आहेत, आणि गोदामं आहेत म्हणून कंटेनर आहेत. ते एकाला एक लागून असे जातात की मधली छोटी गाडी दिसतसुद्धा नाही.

घरची गाडी जुनी आणि छोटी होती, नवऱ्याची लाडकी. ती पेट्रोल पीत नाही, नुसतं हुंगते, असं तो कौतुकाने सांगायचा. सर्व्हिसिंग स्वस्त, पार्ट कुठल्याही गल्लीत मिळायचे. पण गोखले रोडला एका रिक्षाने मागून जरासं टेकवलं तर बंपर सुटून रस्त्यावर पडला होता. रिक्षावाल्याने उतरून तो उचलला, आमच्या हातात दिला आणि म्हणाला, "काका, पत्रा लई हलका आहे." नवऱ्याने ते हसण्यावारी नेलं. मला मात्र त्या दिवसापासून ती गाडी बिस्किटाच्या डब्यासारखी दिसायला लागली. लेक त्या डब्यात बसून दोन कंटेनरच्या मधून जाते आहे, हे चित्र मला भाजी चिरताना दिसायचं, देवापुढे दिवा लावताना दिसायचं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काही खोटं नाही.

मग मी मोबाइलवर गाड्या आपटण्याचे व्हिडिओ बघायला लागले. आत पुतळे बसवतात, गाडी वेगात नेऊन आदळतात आणि नंतर तेच सगळं सावकाश करून दाखवतात. मी भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई, एखादी गोष्ट समजून घ्यायला बसले की उठत नाही. मला कळलं की गाडीचं नाक चेपलं तर घाबरायचं नसतं, ते चेपण्यासाठीच केलेलं असतं. माणसं बसतात तो सांगाडा वाकता कामा नये. एका गाडीत पुढच्या काचेशेजारचा खांब मोडून डॅशबोर्ड पुतळ्याच्या गुडघ्यांवर आला होता. तेवढ्याच किमतीच्या दुसऱ्या गाडीत आदळल्यावरही दार हाताने उघडलं. हे बघितल्यावर मला कुठल्याही गाडीचा रंग दिसेना, खांबच दिसायला लागले.

नवऱ्याचं म्हणणंही अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं. भक्कम गाडी म्हणजे जड गाडी, जड गाडी म्हणजे अ‍ॅव्हरेज कमी, टायर रुंद आणि महाग, विम्याचा हप्ता मोठा. "रोज खडवली करायचंय तिला," तो म्हणायचा. "नाकापेक्षा मोती जड व्हायचा." मी म्हणायचे, "नाक शाबूत राहिलं तर मोत्याचं बघू." असं आमचं दोन महिने चाललं होतं. लेक मध्येच डोकं बाहेर काढून म्हणायची, "तुम्ही दोघं आधी ठरवा, मी तोवर रिटायर होते."

नवऱ्याचा एक जुना ऑफिसमधला मित्र कोपरला राहतो. तिथलाच मूळचा, घरची शेती होती, आता तिथे टॉवर आहेत. त्याची गाडी म्हणजे छोटं घरच आहे, आणि पुढे लोखंडी गार्ड. तो आला की खालून हॉर्न मारतो आणि वर येईपर्यंत बोलायला सुरुवात झालेली असते. "वयनी, गारी नाय, रनगारा पायजे! मागल्या साली माझी टेम्पोला ठोकली. गारीला वरखडा नाय, टेम्पोचा पार चुरा!"

"आणि टेम्पोवाला?" मी विचारलं.

त्याने कप बशीत ठेवला. "त्याचा पाय मोरला. मीच नेला हॉस्पिटलात." मग चहाचा कप उचलून म्हणाला, "पन आपली मानसं वाचली ना, वयनी." मला ते वाक्य आवडलं नाही. खोटं कशाला बोलू, मला हवं मात्र तेच होतं.

घोडबंदर रोडच्या शोरूममध्ये आम्ही तिघं गेलो. तिथे आलेला प्रत्येक पुरुष दार उघडून लावून बघत होता आणि 'धप्प' आवाज आला की मान डोलवत होता. एक गृहस्थ बॉनेट अंगठ्याने दाबून बघत होते, बाजारात कलिंगड बघतात तसे. माझा नवराही दार आपटून खूश झाला. आवाजावरून काही कळत नाही, असं मी व्हिडिओत ऐकलं होतं, ते मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. शेवटी मधली एक निवडली. सुरक्षेचे स्टार पुरेपूर, अ‍ॅव्हरेज बरं म्हणण्याइतकं. लेक ड्रायव्हरच्या सीटवर बसली तेव्हा नवऱ्याने वाकून तिचा बेल्ट दोनदा जोरात ओढून बघितला, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "घेऊन टाकू." तोही घाबरलेला होता हे मला तेव्हा कळलं.

चाकाखाली लिंबं झाली, नारळ फुटला, बॉनेटवर स्वस्तिक निघालं. आणि मग आपल्याकडे जे होतं तेच झालं. नवी सीट मळेल म्हणून सीट कव्हर. कोपरच्या मित्राने कल्याणचं ओळखीचं दुकान गाठून दिलं. मी तिथे ठाण मांडून बसले. पुढच्या सीटच्या बाजूने एअरबॅग बाहेर येते, तिथली शिवण मोकळी ठेवायची, हे मी कारागिराला इतक्या वेळा सांगितलं की तो हात जोडून म्हणाला, "आंटी, ठेवली मोकळी." मागच्या सीटवर बसलं की या गाडीला बेल्टसाठी टुंगटुंग वाजायची सवय होती. त्यावर त्याने विचारलं, "पाठी कोण लावतं बेल्ट? लॉक करून वरून कव्हर चढवतो. आवाज बंद, टोचणार पण नाय." नवरा म्हणाला, उत्तम. मीही मान हलवली. कोपरचा मित्र म्हणाला, "आमच्याकरं पन तसाच हाय." मागचे तिन्ही बेल्ट बक्कलसकट कव्हरच्या आत गेले आणि सीट कशी गुळगुळीत दिसायला लागली.

लेक गाडी एकटी नेऊ लागण्याआधी एका रविवारी आम्ही तिघं तिचं कॉलेज बघायला निघालो. पुढे नवरा, बेल्ट लावून, कारण दंडाला तो फार भितो. त्याची नजर पडद्यावरच्या अ‍ॅव्हरेजच्या आकड्यावर. मी मागे मधोमध, दोन सीटच्या मध्ये डोकं घालून, कारण रस्ता दिसला नाही तर माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मांडीवर कोथिंबीरवड्यांचा स्टीलचा डबा.

"बेल्ट नीट बसलाय ना गं?"

"हो, आई."

"हळू. डावीकडे कंटेनर आहे."

"दिसतोय, आई."

"तो आत घेतोय बघ."

"आई, यार, मागे टेकून बस ना!"

बायपास पार पडला तेव्हा मी सुस्कारा टाकला. पडघ्याच्या अलीकडे रस्ता मोकळा होता. पुढच्या टेम्पोसमोर उलट्या बाजूने एक मोटारसायकल आली, टेम्पोने करकचून ब्रेक मारला आणि लेकीनेही मारला. तिने चूक काहीच केली नाही. अंतर ठेवलं होतं, लक्ष होतं. गाडी सरळ रेषेत, जागच्या जागी थांबली.

मी थांबले नाही. मी दोन सीटच्या मधून पुढे गेले. माझं डोकं आणि खांदा तिच्या डाव्या खांद्यावर आदळले, तिचा हात स्टिअरिंगवरून निखळला, ती उजवीकडच्या काचेवर आपटली. डबा पुढे जाऊन डॅशबोर्डवर आपटून उघडला. कानाशी तिचा आवाज आला, तसा आवाज मी तिच्या लहानपणानंतर ऐकला नव्हता.

टेम्पो निघून गेला. लेकीने कशीबशी गाडी कडेला घेतली. नवरा उतरून पुढे धावला, वाकून बंपर बघितला आणि तिथूनच आनंदाने ओरडला, "काही नाही झालं! ओरखडासुद्धा नाही!" मग त्याने काचेतून आत बघितलं.

लेक डावा हात पोटाशी धरून बसली होती. मी "काय झालं, कुठे लागलं" असं बडबडत तिला हात लावायला गेले तर ती आक्रसली. मग रडत ओरडली, "लावू नकोस! कंटेनर नाही आला माझ्यावर, आई. तू आलीस!"

मी इतके व्हिडिओ बघितले होते, त्यातले मागच्या सीटवरचे पुतळेही बघितले होते. सगळे बांधलेले होते. माझाही बेल्ट लावलेलाच होता, माझ्या पाठीमागे, कव्हरच्या आत. मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती.

पडघ्याला एक दवाखाना रविवारीही उघडा होता. हाड शाबूत होतं, स्नायू जबर ताणला गेला होता. डॉक्टरांनी पट्टा बांधता बांधता विचारलं, "काय आदळलं?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. "मागे बॅग होती," ती म्हणाली. "जड होती."

डॉक्टर म्हणाले, "सामान नेहमी डिकीत ठेवावं." मी मान हलवली.

बाहेर येऊन बघते तर नवरा दवाखान्याची कात्री मागून आणून मागचं नवंकोरं कव्हर उभं कापत होता. त्याने तिन्ही बेल्ट ओढून बाहेर काढले, माझा स्वतः लावला, आणि गाडी चालवत आम्हाला घरी आणलं. त्या अख्ख्या रस्त्यात त्याने अ‍ॅव्हरेजकडे बघितलं नाही. मी बांधलेली असल्याने पुढे वाकता येत नव्हतं. घरी पोचल्यावर त्याने कोपरला फोन लावला आणि मित्राला त्याचंही कव्हर कापायला सांगितलं. मित्राचा आवाज पहिल्यांदाच इतका हळू आला की मला काही ऐकू आलं नाही.

खांदा बरा झाल्यावर लेक एकटी कॉलेजला निघाली. मी गेटपाशी उभी राहिले. बायपास तोच होता, कंटेनर तेच होते, आणि माझी भीतीही तीच होती. "मी येऊ का सोबत?" हे अगदी ओठांवर आलं होतं. तिने बेल्ट ओढून मला दाखवला, हात हलवला आणि गाडी वळवली. मागच्या काचेतून मला आतली सीट दिसली. तिच्यावर कुणी नव्हतं, आणि ते बघून मला बरं वाटलं.