येशूच्या चटईवर मी

ज्याचे मोजमाप होत नाही, त्यावर मी विश्वास ठेवत नाही. कृषी विषयात एम.एस्सी. करून सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रात भाताच्या नव्या वाणांवर काम करते. पुढे सांगते आहे तसले अनुभव वाचून आजवर हसतच आले... त्यामुळे तुम्हीही हसलात तर तक्रार नाही.

भाताचा संकर करताना फुलातले पुंकेसर चिमट्याने अलगद काढावे लागतात. फूल तांदळाच्या दाण्याएवढे! आणि ऐन फुलोऱ्यात माझा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांना काहीच दोष सापडेना. इकडे चिमटा लागून फुले मरत होती. फुलोरा ओसरला असता, तर माझे पीएच.डी.चे काम वर्षभर लांबले असते.

मूल गावाजवळच्या एका छोट्या प्रार्थनाघरातल्या सिस्टर लुसी पूर्वी नर्स होत्या. म्हणून त्यांना हात दाखवला, तर म्हणाल्या, "पोरी, हात नाई, तुहं डोकं थरथरून राह्यलं. रविवारी ये. नुसतं बसाचं."

"आणि करायचं काय?"

"काईच नाई. श्वासासंगं येशूचं नाव घ्याचं. तुले काई न करनं जमन का, हाच प्रश्न आहे!"

रविवारी उशिरा पोहोचले आणि दिसली त्या रिकाम्या चटईवर बसले. बाकी सारे समोरच्या भिंतीशी. डोळे मिटले, आधी डोक्यात प्रयोगांचाच गोंधळ. मग श्वास, नाव, श्वास... आणि केव्हातरी सगळे निवले. तेवढ्यात कुणीतरी माझ्या मनगटावर तळवा ठेवला — उबदार, किंचित खरबरीत. सिस्टर असतील, म्हणून डोळे उघडले. सिस्टर दूर दाराशी, डोळे मिटून. माझ्याजवळ कुणीही नव्हते. ऊब मात्र अजून मनगटावर होती.

बाहेर आल्यावर सांगितले, तर सिस्टर खळखळून हसल्या. "काऊन वं बसली तिथं? तिथं कोनी बसत नाई! ते चटई आमी येशूसाठी रिकामी ठेवतो."

"अगं बाई! मग ते कुठे बसले असतील?"

"तुह्या बाजूले. जागा बळकावनारी भेटल्यावर काय करन बिचारा?"

दुसऱ्या सकाळी शेतात चिमटा उचलला. हात स्थिर होता. पुढे त्या लोंब्यांत दाणेही भरले.

थरथर थांबण्याची कारणे मी देऊ शकते — विश्रांती, श्वासाची लय, मज्जासंस्था. त्या तळव्याचे देऊ शकत नाही. प्रयोग पुन्हा करून पाहावा म्हणून दर रविवारी जाते. शांतता दर वेळी येते; तळवा अजून आलेला नाही. ती चटई आता मी रिकामीच सोडते. बसते मात्र तिला लागूनच... उजवा हात त्या बाजूला ठेवून.