लॉगकाकांनी हेरलेली चूक

संगणकाच्या डिस्क तपासणाऱ्या त्या कचेरीत सगळे त्यांना लॉगकाका म्हणत, कारण नैसर्गिक लॉगॅरिदमचं अर्धं कोष्टक त्यांना तोंडपाठ होतं. मग नवी मुलगी आली. तिनं पायथॉन या संगणकभाषेत एक ओळ लिहिली आणि काकांचं डिस्क बिघडायचा धोका मोजायचं दिवसभराचं काम चहा निवायच्या आत उरकलं. साहेब तिला डोक्यावर घेऊन नाचू लागले, आणि इकडे काकांच्या पोटात दुखू लागलं.

काकांनी तिची ओळ वाचली आणि चूक हेरली. एका क्षणात डिस्क बिघडायची शक्यता अगदीच बारीक असली, की एकातून ती वजा करताना प्रोग्रामला ती दिसायचीच नाही. उरलेल्या एकाचा लॉग शून्य, म्हणजे असे अब्जावधी क्षण मिळवले तरी धोका शून्यच! काका गालातल्या गालात हसले आणि मूग गिळून बसले.

चार महिन्यांनी, "धोका नाही" म्हणून पाठवलेल्या डिस्क बिघडून परत आल्या. भर बैठकीत मुलगी रडवेली झाली. काका ऐटीत उठले आणि त्यांनी फळ्यावर चूक मांडून दाखवली.

"वा, काका!" साहेब म्हणाले. "कधी लक्षात आलं?"

"पहिल्याच दिवशी," काकांनी छाती फुगवून सांगितलं.

साहेबांनी परत आलेल्या डिस्कची यादी काकांच्या पुढ्यात सरकवली. मुलीनं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच काकांकडे नीट पाहिलं.