भंडारदरा : हातात धरता येईल असा फराळ

भंडारदऱ्याला मासे धरायला जाताना खाण्यापिण्याचे काय न्यावे, असे मला दोघातिघांनी विचारले आहे. मी शाकाहारी, पेशाने संस्कृत शिकवणारा, आणि मला पोहता येत नाही. तेव्हा विचारणाऱ्यांच्या विनोदबुद्धीचे कौतुकच केले पाहिजे. पण उत्तर मला येते. अमीनमियाँबरोबर वीस वर्षे मी फराळ वाहिला. ते गळ टाकून बसत, मी शेजारच्या झाडाखाली पुस्तक उघडी आणि दर दोन तासांनी डबा उघडी. पुस्तकापेक्षा डबाच अधिक वेळा पूर्ण वाचून झाला. ज्या खेपेबद्दल लिहितो आहे ती आमची शेवटची. युद्ध चालू होते, साखर रेशनवर होती आणि पेट्रोल फक्त साहेबांच्या मोटारींना उरले होते.

अमीनमियाँचे नगरात पुस्तकबांधणीचे दुकान होते. माझी बहुतेक पुस्तके त्यांच्याच हातची शिवलेली. त्या माघात एक जुना शब्दकोश बांधायला टाकला होता, तो आणायला गेलो. पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरे उठवण्यात त्यांच्यासारखा माणूस जिल्ह्यात नव्हता. या वेळी मात्र पहिला ‘श’ वर गेला होता, शेवटचा खाली घसरला होता, आणि दोघांची एकमेकांशी ओळख असावी असे वाटत नव्हते. अमीनमियाँ उजवा हात कोटाच्या खिशात घालून उभे होते. एरवी थंडी असल्याखेरीज त्यांचा हात खिशात जात नसे, आणि त्या दिवशी थंडी नव्हती. खिशाचे कापड आतून हलत होते.

“भंडारदऱ्याला जाऊ, शास्त्रीबुवा,” ते म्हणाले. “पोरगा औरंगाबादेहून लिहितो, दुकान बंद करा, इकडं या. मी म्हन्लं, बघू. एक मासा मी काढला तर दुकान चालू. न्हाई निघाला तर त्याला लिहीन, येतो म्हनून.”

“माशाचा आणि दुकानाचा संबंध काय?”

“हाय,” ते म्हणाले. खिशातला हात खिशातच राहिला.

मी शब्दकोश उत्तम झाला म्हणून सांगितले आणि घरी आलो.

“चिवडा करू ना?” घरात विचारणे झाले. “अमीनभावजींना आवडतो.”

चिवडा हा प्रवासी फराळाचा राजा, आणि वीस वर्षांत एकदाही तो आमच्या पिशवीतून पदच्युत झाला नव्हता. पण कापणाऱ्या हातातला चिवडा तोंडापर्यंत निम्मासुद्धा पोचत नाही. मी कारण सांगितले. मग, “लाडूही नकोत तर. फुटतात,” असे उत्तर आले, आणि तेथून पुढचा विचार दोघांनी मिळून केला.

अडचण अशी, की त्यांची सोय तर करायची पण ती त्यांच्यासाठी केली असे दिसता कामा नये. डाव्या हाताने खा म्हणावे, तर ते त्यांच्याही धर्मात निषिद्ध आणि आमच्याही. हिंदु-मुसलमानांचे एकमत असलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक, आणि ती नेमकी आमच्या आड आली. तेव्हा पदार्थ मुठीत धरता यावा, सांडू नये, फुटू नये. शेवटी दुधागुळातल्या जाडसर दशम्या ठरल्या, चार घड्या घातलेल्या. लाडवांच्या जागी गुळपापडीच्या मोठ्या वड्या. सालासकट उकडलेली रताळी. गळाच्या दिवसासाठी रताळ्याइतका समजूतदार पदार्थ मला ठाऊक नाही. माशाचे हात लागले तरी साल टाकून देता येते.

पिण्याचे याहून कठीण. कपबशी बाद. फिरकीचा तांब्या चांगला, पण त्यातून वरून धार धरावी लागते, आणि हात हलला की ती तोंडाऐवजी मिश्यांत जाते. मग दवाखान्यातल्या मिक्श्चरच्या दोन बाटल्या सापडल्या, अरुंद तोंडाच्या, अंगावर मात्रेच्या कागदी पट्ट्या चिकटवलेल्या. त्या राखेने घासून, गुळाचे लिंबूपाणी भरून बुचे लावली. एक त्यांची, एक माझी. वेगळेपण दिसू नये म्हणून मलाही तेच खाणेपिणे भाग होते.

नगरहून पहाटेची सर्व्हिस मोटार निघाली ती कोळशाच्या गॅसवर. पाठीमागे भट्टी बांधलेली, आणि चढ आला की उतारूंनी उतरून तिला धीर द्यायचा. राहुरी, कोल्हार करत संगमनेरला पोचेपर्यंत दुपार झाली. वाटेत अंग धुळीने आणि कपडे काजळीने भरतात, तेव्हा पांढरे धोतर नेसून जाऊ नये. मी नेसलो होतो. संगमनेरला मोटार बदलून अकोले, आणि तिथून दिवे लागायच्या सुमाराला राजूर. मुक्काम एका ओळखीच्या गुरुजींच्या पडवीत. थंडी अशी, की गुरुजींनी दिलेले घोंगडे सोवळ्यातले की ओवळ्यातले हा विचार मला दुसऱ्या दिवशी सुचला.

सकाळी लहानूची बैलगाडी ठरवली. लहानू तिथल्याच कोळ्यांपैकी, पन्नाशीचा, पाण्याची आणि माशांची जागा जाणणारा. धरणाच्या कचेरीतून परवानगीची चिठ्ठीही त्यानेच आणून दिली. कोणी जाणार असेल तर ती आदल्या दिवशी मागून ठेवावी. गाडीत आमचा नेहमीचा वाद झाला. तिथल्या मोठ्या माशाला महाशीर म्हणतात. माझे म्हणणे, हे उघड संस्कृत आहे : महा म्हणजे मोठे, शिर म्हणजे डोके.

“फारसी हाय,” अमीनमियाँ म्हणाले. “माही म्हंजे मासा, शेर म्हंजे वाघ.”

“मासा कधी वाघ असतो का?”

“आन् नुसतं डोकं असतं व्हय? लहानू, तू सांग.”

“आमी त्याला कालवन म्हन्तो,” लहानू म्हणाला, आणि बैलाची शेपटी पिरगाळली.

धरणाचे पाणी त्या दिवसांत डोंगराच्या पायापर्यंत भरलेले असते. सकाळी वारा नसतो, आणि पलीकडचा सगळा डोंगर पाण्यात उलटा उभा राहतो. अमीनमियाँनी कणकेचा हिंग घातलेला गोळा गळाला लावला. लोक कणकेसाठी रांगेत उभे असताना ती माशांना घालणे माझ्या जिवावर येत होते, पण त्या दिवशी मी बोललो नाही. ते दगडावर बसले, काठी दोन्ही हातांनी धरली आणि दोरीला बांधलेल्या मोरपिसाच्या देठावर, म्हणजे मासा लागला की बुडणाऱ्या तरंगावर, डोळे लावले. मी झाडाखाली बसलो. पुस्तक उघडले नाही.

पाणी आरशासारखे होते आणि तरंग हलत होता. थांबतच नव्हता. सकाळच्या प्रहरात त्यांनी तीनदा झटका देऊन काठी उचलली, तिन्ही वेळा गळ रिकामा. एकदा आमिष गेलेले होते, म्हणजे मासा येऊन गेला होता.

उन्हे चढल्यावर मी डबा उघडला. त्यांनी काठी मांडीखाली दाबली, दशमी मुठीत धरून खाल्ली, रताळे खाल्ले. बाटलीतून प्याले, थेंब सांडला नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, तेवढ्यात त्यांनी डब्यात वाकून पाहिले.

“चिवडा न्हाई आनला.”

“तेलाची टंचाई आहे,” मी म्हणालो.

“दशमीला तूप लागलेलं हाय.” त्यांनी डब्याचे झाकण लावले. “वीस वर्सं आनला. मंजी तुमाला म्हाईत हाय. वहिनींनाबी.”

संस्कृतात खोटे बोलण्याचे पुष्कळ सभ्य मार्ग आहेत. त्या वेळी एकही आठवला नाही.

“शब्दकोशावरून?” त्यांनी विचारले.

“हो.”

“तरी उत्तम झाला म्हन्लात.”

“बांधणी उत्तमच आहे.”

“बांधनी बायकोनं केली,” ते म्हणाले. “शिवन सगळी तिची. मी नुसती अक्षरं केली.” मग त्यांनी हात मांडीवर उघडा ठेवला. लपवायचे काही उरले नाही म्हटल्यावर तो अधिकच मोकळेपणाने हलू लागला. “तरंग हलतो तवा मासा हाय का मीच हाय, कळंना. सकाळधरनं मी मलाच पकडतोय.”

लहानू बिडी ओढत बसला होता. त्याने डोंगराकडे तोंड फिरवले. शहाणा माणूस.

दुपारी त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. काठी दगडाच्या खोबणीत रोवून पाहिली, तर झटका देईपर्यंत उशीर होई. शेवटी काठी माझ्यापुढे धरली. “तुमी धरा.”

“मी?”

“धरायची म्हन्लं. खायची न्हाई.”

मी धरली. तरंग एकदम स्थिर झाला. माझ्या हाताला काही होत नव्हते याची त्या क्षणी मला लाज वाटली. ते माझ्या खांद्याशी बसून तरंगाकडे पाहत राहिले. बऱ्याच वेळाने तो एकदा किंचित बुडाला.

“आत्ता न्हाई,” ते कुजबुजले. “चाखतोय. चाखू द्या… थांबा… घाई करू नका, हे काय श्लोक म्हनायचं काम न्हाई… आता.”

मी ओढले. हाताला जो हिसका बसला तो आजही मनगटात आहे. दीड वीत लांबीचा, सोनेरी खवल्यांचा मासा काठावर येऊन पडला.

“लई लहान हाय,” लहानू म्हणाला. “पर हाय.”

मी तेवढाच धागा पकडला. म्हटले, “अमीनमियाँ, मासा तुम्ही काढलात. व्याकरणात प्रयोजक कर्ता असतो. देवदत्त यज्ञदत्ताकडून भात शिजववतो, तेव्हा करवणारा देवदत्तही कर्ताच. तुम्ही माझ्याकडून काढवलात. दुकान चालू ठेवा.”

त्यांनी ते सगळे शांतपणे ऐकून घेतले. “मंजी पापबी माझंच. लई हुशार हो तुमी.” मग माशाला बोट लावून म्हणाले, “व्याकरन चांगलं हाय. पन पुस्तकाच्या पाठीवर मी कुनाकडनं लिहवनार? तिथं मी म्हनून लोक येतात.”

मासा लहानूने नेला.

दुसऱ्या दिवशी परतीची मोटार संगमनेरला दोन तास उभी होती. अमीनमियाँनी पोस्टातून कार्ड आणले आणि मला मजकूर सांगितला. पोराचे शिक्षण नगरात झालेले, त्याला मराठी वाचता येई. ‘उन्हाळ्यात दुकान बंद करतो. आईला घेऊन येतो. काळजी नसावी.’ एवढेच. सही मात्र त्यांनी टाक घेऊन स्वतः उर्दूत केली. नावात तीन नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबे, होते. एकही आपल्या जागी पडला नाही.

“दुसरे कार्ड घेऊ का?” मी विचारले.

“नको. मजकूर कुनीबी लिहील. ही सही बघितली की तो काई इचारनार न्हाई.”

पेटीच्या फटीत कार्ड घालायला त्यांनी तीनदा हात नेला. तिन्ही वेळा ते कडेला आपटले. मी रस्त्याकडे पाहत राहिलो.

“शास्त्रीबुवा,” ते म्हणाले, “टाका. करवनारा मी हाय.”

मी टाकले.

दुकान वैशाखात बंद झाले. आता त्या जागी कोणी कंदिलाच्या काचा विकतो. औरंगाबादहून कार्ड येते, मजकूर पोराच्या अक्षरात, सही त्यांची. हल्ली नुक्ते देत नाहीत. त्यानंतर मी दोनदा भंडारदऱ्याला जाऊन आलो. मोटारी पुन्हा पेट्रोलवर धावतात, राजूरला चहाचे एक हॉटेल निघाले आहे, आणि लहानूची गाडी अजून मिळते. पाण्याकाठी त्याच दगडापाशी मी दिवसभर बसलो. दोन्ही खेपांना फराळ काय नेला होता, ते आठवत नाही.